दुःखाला वाट देणारी श्रद्धा

जालना जिल्ह्यातील आष्टी-परतूरच्या पट्ट्याला दुष्काळ अनोळखी नाही. दुष्काळ केवळ पीक नेत नाही, माणसेही नेतो. १८७० च्या दशकातील अशाच दुष्काळाने पंडिता रमाबाईंचे आई, वडील व थोरली बहीण हिरावून नेली. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास गेले आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे पटकीने निधन झाले. तेव्हा रमाबाईंनी पंचविशीही गाठली नव्हती आणि कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती.

इतक्या आघातांनंतर माणूस उभा कसा राहतो? १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या तेथील धर्मभगिनींचे कार्य पाहून त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता.

श्रद्धावंताने रडू नये, असा एक समज आढळतो. बायबलला तो मान्य नाही. स्तोत्रसंहितेतील कित्येक स्तोत्रे म्हणजे देवाकडे केलेली गाऱ्हाणीच आहेत. सर्वस्व गमावलेला ईयोब देवाला थेट जाब विचारतो. लाजराच्या कबरीपाशी स्वतः येशू रडतो. क्रूसावर यातना भोगणारा प्रभू आपले दुःख जाणतो, हाच शोकाकुल ख्रिस्ती मनाचा मोठा आधार असतो. या श्रद्धेने दुःख नाहीसे होत नाही. ते एकट्याने वाहावे लागत नाही, एवढेच.

रमाबाईंनी आपल्या दुःखाला सेवेची वाट करून दिली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवांना त्यांनी आपल्या आश्रयाला आणले. भूक म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्यातूनच पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले.

खरी कसोटी अखेरीस लागली. कार्याचा वारसा जिच्याकडे जायचा, ती मनोरमाच जुलै १९२१ मध्ये मरण पावली. त्रेसष्ट वर्षांच्या रमाबाई तेव्हा हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलगी का गेली, याचे उत्तर श्रद्धेने त्यांना दिले असेल वा नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसण्याचे बळ मात्र दिले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधारांचा आधार आहे.