नारा येथील महाबुद्ध आणि हरिणे

जपानमधील क्योटो शहरातून सकाळच्या आगगाडीने निघालेला प्रवासी तासाभराच्या आत नारा येथे येऊन पोहोचतो. आज हे शहर लहान व शांत वाटते, परंतु इ. स. ७१० ते ७८४ या काळात, मधली काही वर्षे वगळता, जपानची राजधानी येथेच होती.

या नगरीचे मुख्य वैभव म्हणजे तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाची ब्राँझची मूर्ती. तिचा जन्म मात्र वैभवातून झाला नाही. इ. स. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या भयंकर साथीने जपानातील असंख्य माणसे दगावली. पुढे बंडाळीही उद्भवली. प्रजेच्या या हालांनी व्यथित झालेल्या सम्राट शोमू याने ७४३ मध्ये महाबुद्धाची मूर्ती घडविण्याची आज्ञा काढली. ज्याला गवताची एक काडी किंवा मूठभर माती आणून या कार्यास हातभार लावावयाचा असेल, त्यालाही तो लावू द्यावा, आणि अधिकाऱ्यांनी या निमित्ताने रयतेस छळू नये, असे त्याने बजावले होते. राजाज्ञेत अशी वाक्ये क्वचितच आढळतात.

एवढी मूर्ती एका ओतात घडणे अशक्य होते. प्रथम मातीची प्रतिमा तयार करून तिच्यावरून साचे घेण्यात आले. मग तळापासून वर, आठ टप्प्यांत, तीन वर्षे वितळलेला धातू ओतण्याचे काम चालले. मूर्ती जसजशी उंच होई, तसतसा तिच्याभोवती मातीचा भराव चढविला जाई, म्हणजे कारागिरांना वरच्या थराचे काम करता येई. शेवटी तो भराव दूर केल्यावर सुमारे १५ मीटर उंचीचा बुद्ध प्रकट झाला.

७५२ मध्ये मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूस मिळाला. तो चीनमार्गे ७३६ मध्ये जपानात आला होता. त्याच्या हातातील कुंचल्यास लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हाती धरले होते. त्यामुळे डोळे रेखण्याचे पुण्य सर्वांनाच लाभले. तो कुंचला व तो दोर जवळच्या शोसोइन या भांडारात आजही जतन करून ठेवलेले आहेत.

पुढे युद्धांच्या वणव्यात, ११८० मध्ये व १५६७ मध्ये, हे मंदिर जळाले. दुसऱ्या आगीनंतर शंभराहून अधिक वर्षे मूर्तीवर धड छप्पर नव्हते. सध्याचे लाकडी मंदिर १७०९ मध्ये पूर्ण झाले. त्याची रुंदी ५७ मीटर, म्हणजे मूळच्या मानाने सुमारे दोनतृतीयांशच आहे. तरीही पाहणाऱ्याची मान वर पाहून दुखू लागते. मूर्तीचे मस्तकही सतराव्या शतकातील आहे. मंदिरातील एका खांबाला आरपार भोक आहे. ते बुद्धाच्या नाकपुडीएवढे आहे असे सांगतात, आणि त्यातून सरपटत जाण्यासाठी मुलांची रांग लागलेली असते.

मंदिराबाहेर विस्तीर्ण उद्यान आहे. तेथे हजाराहून अधिक हरिणे मोकळी हिंडतात. कासुगा देवस्थानाचा देव पांढऱ्या हरिणावर बसून आला अशी दंतकथा असल्याने ती पवित्र मानली जातात. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, त्यांची संख्या केवळ ७९ वर आली होती. नंतर त्यांची निगा राखली गेली आणि १९५७ मध्ये त्यांना राष्ट्रीय संरक्षण लाभले.

तांदळाचा कोंडा व पीठ यांच्या पातळ चकत्या विकत घेऊन लोक त्यांना भरवितात. काही हरिणे चकतीसाठी मान लववून चक्क नमस्कार करतात. ती देण्यास उशीर केला तर सदऱ्याचे टोकही ओढतात! मात्र कोंड्याचा वास लागलेली प्लास्टिकची पिशवीही त्यांना खाद्यच वाटते. २०१९ मध्ये येथे मेलेल्या अनेक हरिणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले. एकीच्या पोटातील गोळा चार किलोंहून अधिक वजनाचा होता. तेव्हा गावातील काही उद्योजकांनी कागदाच्या लगद्यात तांदळाचाच कोंडा मिसळून नव्या पिशव्या तयार केल्या. अशी पिशवी एखाद्या हरिणाने खाल्लीच, तरी ती त्याच्या पोटात साठून राहत नाही.