सुरजागड लोहखनिज उत्खनन व शासकीय पाठबळाचा वाद

सुरजागड लोहखनिज उत्खननाचा वाद हा महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात असलेल्या सुरजागड टेकड्यांवरील खाणकामाला राज्य शासनाने दिलेल्या पाठबळाविषयीचा राजकीय, कायदेशीर व सामाजिक वाद आहे. या खाणींमुळे राज्यातील सर्वांत मागास जिल्ह्यांपैकी एकात उद्योग व रोजगार येईल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. ज्या ग्रामसभांच्या जंगलावर हा विकास उभा राहतो, त्यांच्या संमतीशिवाय तो होत आहे, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. तो महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला छत्तीसगड व तेलंगणाच्या सीमेवर असून राज्याची राजधानी मुंबई येथून रस्त्याने सुमारे एक हजार किलोमीटर अंतरावर आहे. जिल्ह्याच्या सुमारे ७० टक्के क्षेत्रावर वनाच्छादन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. एटापल्ली व भामरागड या तालुक्यांत प्रामुख्याने माडिया गोंड समाजाची वस्ती आहे. केंद्र शासनाने या समाजाची विशेष असुरक्षित आदिवासी गटात नोंद केली आहे. धानाची शेती, तेंदूपाने, मोहफुले व बांबू ही येथील उपजीविकेची मुख्य साधने होत.

सुरजागडच्या टेकड्यांत उच्च प्रतीचे हेमॅटाइट लोहखनिज आहे. याच डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान असून दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे यात्रा भरते. परिसरातील सुमारे ७० गावांचा पारंपरिक इलाखा या देवस्थानाशी जोडलेला आहे. इंग्रज सत्तेविरुद्ध लढलेले व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी गेलेले बाबुराव शेडमाके यांच्या स्मृतीही या परिसराशी निगडित आहेत.

उत्खननाचा घटनाक्रम

राज्यात विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, २००७ मध्ये, लॉयड्स मेटल्स या कंपनीला सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मंजूर झाला. कंपनीचा स्पंज लोहाचा कारखाना चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे असून तिचे कार्यालय मुंबईत लोअर परळ येथे आहे. नक्षलवादी कारवायांमुळे अनेक वर्षे प्रत्यक्ष काम सुरू होऊ शकले नाही. जून २०१३ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची हत्या झाली. २०१६ मध्ये उत्खननास प्रारंभ झाला, परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खाणीवरील ७५ हून अधिक वाहने जाळली. जानेवारी २०१९ मध्ये एटापल्ली मार्गावर मालमोटार व बस यांचा भीषण अपघात झाल्यानंतर स्थानिकांच्या संतापामुळे काम थांबले. २०२१ मध्ये त्रिवेणी अर्थमूव्हर्स या कंपनीच्या सहभागाने ते पुन्हा सुरू झाले.

२०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढविण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्याच वर्षी परिसरातील आणखी सहा लोहखनिज क्षेत्रांचा लिलाव करण्यात आला.

शासकीय पाठबळाचे स्वरूप

मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत, या हेतूने महाराष्ट्र शासनाने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. त्या काळी राज्यातील औद्योगिक रोजगार परळ, लालबाग यांसारख्या मुंबईतील भागांत व त्यांच्या परिसरात एकवटला होता. योजनेत तालुक्यांचे औद्योगिक मागासलेपणानुसार गट पाडले जातात. विनाउद्योग जिल्हे व नक्षलग्रस्त क्षेत्रे यांना सर्वाधिक सवलती मिळतात. राज्य वस्तू व सेवा कराच्या परताव्याच्या रूपातील अनुदान, वीजशुल्क व मुद्रांकशुल्कातील सूट हे या सवलतींचे प्रमुख प्रकार आहेत.

गडचिरोलीत याखेरीज रस्ते, पोलीस संरक्षण व प्रशासकीय सुलभता यांच्या रूपानेही पाठबळ दिले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये वांगेतुरी व जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाडा येथे पोलीस मदत केंद्रे उभारण्यात आली. जिल्ह्यातील खाणविषयक कामांचा समन्वय साधण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र खनिकर्म प्राधिकरणाची तरतूद करणारे विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात संमत झाले.

समर्थकांची बाजू

समर्थकांच्या मते, स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके जिल्ह्यात मोठा उद्योग आला नाही. रोजगाराच्या अभावाचा लाभ नक्षलवादी संघटनांनी घेतला. खाण व पोलाद उद्योगामुळे स्थानिक तरुणांना वेतन मिळते, रस्ते व दवाखाने उभे राहतात आणि चळवळीतील भरती आटते, असे ते मांडतात. कंपनीने कामगारांना दिलेल्या समभागांचाही ते दाखला देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या वरिष्ठ नक्षलवादी नेत्याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. त्यानंतर हा युक्तिवाद अधिक ठामपणे मांडला जाऊ लागला.

महसुलाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. लोहखनिजावर सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के दराने स्वामित्वधन आकारले जाते. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार १२ जानेवारी २०१५ पूर्वी मंजूर झालेल्या पट्ट्यांच्या धारकांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी अतिरिक्त रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. ही रक्कम खाणबाधित भागातील आरोग्य, शिक्षण व पाणीपुरवठ्यावर खर्च करावयाची असते.

विरोधकांची बाजू

ग्रामसभा, पारंपरिक इलाखा समित्या व डाव्या पक्षांचे कार्यकर्ते यांचा प्रमुख आक्षेप निर्णयप्रक्रियेवर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये एटापल्ली येथे अनेक गावांतील आदिवासींनी ठिय्या आंदोलन केले. ते पोलिसांनी मोडून काढले. मार्च २०२३ पासून तोडगट्टा येथे नव्या खाणींविरुद्ध सुमारे आठ महिने चाललेले धरणे नोव्हेंबरमध्ये पोलीस कारवाईनंतर संपले. १ कोटी टनांच्या विस्तारासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये एटापल्लीऐवजी जिल्हा मुख्यालयी घेतली गेली. बाधित गावांतील लोकांना तेथवर पोहोचणे कठीण होते, अशी टीका झाली.

लाल धुळीने होणारे शेतीचे नुकसान, नाल्यांतील गाळ, अवजड वाहनांमुळे उखडलेले आलापल्ली–एटापल्ली परिसरातील रस्ते व अपघात या नित्याच्या तक्रारी आहेत. २०२५ मध्ये खनिज प्रक्रिया प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन वळविण्यास तत्त्वतः मंजुरी मिळाली. त्यासाठी एक लाखाहून अधिक झाडे तोडावी लागणार असल्याने आणि हे क्षेत्र वाघांच्या भ्रमणमार्गालगत असल्याने वाद वाढला. नवे रस्ते व पोलीस केंद्रे आपल्यासाठी नसून खाणींसाठी आहेत, असे अनेक ग्रामसभांचे म्हणणे आहे. शासनाने ही केंद्रे नागरिकांच्या सुरक्षेसाठी व सेवेसाठी असल्याचे सांगितले आहे.

कायदेशीर प्रश्न

एटापल्ली तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. मात्र या कायद्यात ग्रामसभेची शिफारस केवळ गौण खनिजांसाठी बंधनकारक आहे आणि लोहखनिज हे प्रमुख खनिज आहे. त्यामुळे गावाला आपल्या शिवारातील मुरमाबाबत जो अधिकार आहे, तो डोंगरातील लोखंडाबाबत नाही. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करण्याची तरतूद पेसात असली, तरी विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, असा अर्थ प्रशासनाकडून लावला जातो.

२००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ रोजी अमलात आला, तर सुरजागडचा पट्टा त्याआधीच मंजूर झाला होता. या कायद्याखालील सामूहिक हक्क आधीच्या पट्ट्यातील उत्खननाला व त्याच्या विस्ताराला कितपत लागू होतात, हा वादाचा गाभा आहे. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि गावाने बांबूविक्रीतून स्वतःचे उत्पन्न उभे केले. खाणीवाचून विकास शक्य आहे, हे सांगताना विरोधक या गावाकडे बोट दाखवतात. ओडिशातील नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांचे मत घेण्याचा आदेश दिला होता. तेथील सर्व १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या दुर्गम उत्तर भागातील ‘रिंग ऑफ फायर’ या खनिजपट्ट्याबाबतही शासकीय साहाय्य व मूलनिवासींची संमती या दोन मुद्द्यांवर असाच वाद चालू आहे.

राजकीय पक्षांच्या भूमिका

हा वाद सत्ताधारी व विरोधी पक्ष अशा सरळ रेषेत विभागलेला नाही. पट्टा काँग्रेस–राष्ट्रवादी आघाडीच्या काळात मंजूर झाला. उत्खनन भाजप–शिवसेना युतीच्या काळात सुरू झाले. ते महाविकास आघाडीच्या काळात पुन्हा चालू झाले, तेव्हा एकनाथ शिंदे जिल्ह्याचे पालकमंत्री होते. विस्तार महायुतीच्या काळात झाला. जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पालकमंत्रिपद स्वतःकडे ठेवले.

प्रमुख पक्षांतील मतभेद मुख्यतः खनिज कोठे वापरले जावे, यावर होते. कच्चे खनिज घुग्घुसला नेण्याऐवजी कारखाना गडचिरोलीतच व्हावा, अशी मागणी विविध पक्षांच्या स्थानिक नेत्यांनी केली. त्यानुसार २०१७ मध्ये चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखान्याचे भूमिपूजन झाले. खाणच नको, ही ग्रामसभांची मागणी मात्र विधिमंडळातील मोठ्या पक्षांपैकी कोणीही आपली अधिकृत भूमिका म्हणून स्वीकारलेली नाही.

सद्यस्थिती

२२ जुलै २०२५ रोजी कोनसरी येथे वार्षिक ४५ लाख टन क्षमतेच्या एकात्मिक पोलाद प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. याच दिवशी हेडरी येथील खनिज दळण केंद्राचे आणि हेडरी ते कोनसरी या ८५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीचे उद्घाटन करण्यात आले. या वाहिनीतून खनिजाचा गाळ पाण्यासह वाहून नेला जात असल्याने रस्त्यावरील मालमोटारींची संख्या घटेल, असे सांगण्यात आले. अहेरी तालुक्यातील वडलापेठ येथेही जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या एका पोलाद प्रकल्पाचे भूमिपूजन झाले आहे. लिलाव झालेल्या नव्या क्षेत्रांना परिसरातील ग्रामसभांचा विरोध कायम आहे.