खेळाडूंमधील नैराश्य व व्यसनाधीनता : करुणा आणि उत्तरदायित्व यांचा विचार

प्रास्ताविक

कोल्हापूरच्या क्रीडापरंपरेत तालमीला एक नैतिक संस्था म्हणून स्थान आहे. पहाटेची मेहनत, खुराक, वस्तादांचा धाक आणि निर्व्यसनीपणा ही या संस्थेची चौकट होय. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या या परंपरेने देशाला नामवंत मल्ल दिले. पुढे याच जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, वीरधवल खाडे आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असे खेळाडूही घडविले. या वैभवाविषयी विपुल लेखन झालेले आहे. मात्र जो खेळाडू मनाने खचतो, दारूच्या किंवा अन्य अमली पदार्थाच्या आहारी जातो, त्याचे काय करावयाचे, याविषयी तालीम, क्रीडासंघटना आणि महाविद्यालये या तिन्ही ठिकाणी मौनच आढळते. असा खेळाडू बहुधा एक तर हाकलला जातो किंवा त्याच्याकडे काणाडोळा केला जातो. पहिल्या प्रकारात करुणा नसते, दुसऱ्यात उत्तरदायित्व नसते. ही दोन मूल्ये परस्परविरोधी आहेत, या गृहीतकाची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

विनोद कांबळी : एक सार्वजनिक उदाहरण

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वपरिचित उदाहरण विनोद कांबळी यांचे आहे. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराकडून खेळताना त्यांनी सचिन तेंडुलकर यांच्यासह ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तीत कांबळींच्या नाबाद ३४९ आणि तेंडुलकरांच्या नाबाद ३२६ धावा होत्या. १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्ध २२४ व त्यापाठोपाठ झिम्बाब्वेविरुद्ध २२७ अशी लागोपाठची दोन द्विशतके त्यांनी कसोटीत झळकावली. १७ कसोटी सामन्यांत ५४.२० ची सरासरी असलेल्या या फलंदाजाचा अखेरचा कसोटी सामना १९९५ मध्ये झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांच्या गोंधळामुळे खेळ थांबला आणि कांबळी अश्रू ढाळीत मैदानाबाहेर आले. ते दृश्य त्या पिढीतील क्रिकेटप्रेमी अद्याप विसरलेले नाहीत.

त्यानंतरची वाटचाल दुःखद आहे. २०१३ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २०२२ मध्ये मद्यप्राशन करून वाहन चालविल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांच्यावर कारवाई केली. त्याच वर्षी, क्रिकेट मंडळाचे दरमहा ३० हजार रुपयांचे निवृत्तिवेतन हेच आपले उत्पन्न असून आपल्याला काम हवे आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगीची त्यांची खालावलेली प्रकृती सर्व देशाने चित्रफितीत पाहिली आणि त्याच महिन्यात त्यांना ठाणे जिल्ह्यातील रुग्णालयात दाखल करावे लागले.

या चित्रफितीवरील प्रतिक्रिया अभ्यासण्यासारख्या आहेत. एका गटाने केवळ हळहळ व्यक्त केली, तर दुसऱ्याने 'हाताने केले, आता भोगावे' असा निवाडा दिला. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडूंनी तिसरी भूमिका घेतली : उपचारांचा भार उचलण्याची तयारी आहे, मात्र पुनर्वसनाचे पहिले पाऊल कांबळी यांनी स्वतः उचलले पाहिजे. कांबळी यांनीही त्यास होकार दिला. यापूर्वी त्यांना अनेकदा पुनर्वसन केंद्रात दाखल करण्यात आले होते, हे त्यांच्या स्नेह्यांकडून त्याच वेळी पुढे आले. २०२५ पासून सुनील गावसकर यांच्या संस्थेने त्यांना दरमहा आर्थिक साहाय्य सुरू केले.

तिसरी भूमिका पहिल्या दोहोंपेक्षा निःसंशय परिपक्व आहे. तरीही तिच्यात एक अडचण राहते. व्यसन हा असा विकार आहे की तो इच्छाशक्तीवरच आघात करतो. 'आधी इच्छा दाखव, मग मदत' ही अट म्हणजे पाय मोडलेल्या मल्लाला आधी चालून दाखव, मग प्लास्टर घालू असे सांगण्यासारखे होय. उपचाराची इच्छा ही उपचाराच्या दारात उभे राहून वाट पाहण्याची गोष्ट नसून ती संभाषणातून, संयमाने घडविता येते. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून विल्यम मिलर यांनी विकसित केलेली प्रेरणादायी संवादाची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, वारंवार मदत करूनही पालट होत नसेल तर मदत करणारा थकतो, आणि त्याच्या थकव्याला निष्ठुरता म्हणणे अन्यायाचे ठरेल.

नैराश्य आणि व्यसन यांचा परस्परसंबंध

खेळाडू शरीराने बलवान असतो, म्हणून तो मनानेही बलवान असलाच पाहिजे, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात उच्च दर्जाच्या खेळाडूंमध्येही नैराश्य व चिंताविकार आढळतात, ही बाब आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एकमताचे निवेदन प्रसिद्ध करून अधोरेखित केली. दुखापत, वजन घटविण्याचा ताण, निवडीतील डावलणे आणि निवृत्ती हे खेळाडूच्या आयुष्यातील धोक्याचे टप्पे होत. ज्याची ओळख लहानपणापासून 'पैलवान' एवढीच आहे, त्याचा गुडघा निकामी झाला की त्याचे केवळ करिअर जात नाही, त्याचे नावच जाते. तालमीत राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर राहण्याची जागा, सवंगडी आणि दिनक्रम हे सर्व एकाच वेळी सुटते.

अशा वेळी मद्य हा सहज उपलब्ध होणारा उतारा ठरतो. मात्र मद्य मज्जासंस्थेला मंद करते, झोपेची घडी विसकटते आणि काही आठवड्यांत मूळचे नैराश्य अधिक गडद करते. नैराश्यामुळे मद्य आणि मद्यामुळे नैराश्य असे हे चक्र आहे. म्हणून दोहोंपैकी एकावरच उपचार केल्यास दुसरा विकार पहिल्याला परत बोलावतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्स संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यसेवन करतात. खेळाडू याच समाजातून येतात.

अलीकडे या चित्रात आणखी एका पदार्थाची भर पडली आहे. मेफेन्टरमाईन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी वापरले जाणारे इंजेक्शन. व्यायामशाळांतील तरुण दम वाढावा म्हणून ते टोचून घेतात आणि त्याच्या सवयीत अडकतात. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत पोलिसांनी त्याचे बेकायदा साठे जप्त केले आहेत. येथे खेळातील कामगिरीसाठी घेतलेले द्रव्य आणि व्यसनाचे द्रव्य यांमधील रेषा पुसट होते. हा पदार्थ उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक प्रतिबंधित यादीत आहे, ही गोष्ट घेणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसते.

नियमांची रचना

उत्तरदायित्वाची कठोर बाजू महाराष्ट्राने नरसिंग यादव यांच्या प्रकरणात पाहिली. २०११, २०१२ व २०१३ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाच्या २०१६ मधील चाचणीत मेथँडिएनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या अन्नपेयात कोणी ते मिसळले, हे त्यांचे म्हणणे राष्ट्रीय संस्थेने मान्य केले. परंतु क्रीडा लवादाने रिओ ऑलिंपिकमधील त्यांच्या लढतीच्या ऐन तोंडावर ते पुराव्याअभावी अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली. शरीरात जे सापडेल त्यास खेळाडू स्वतः जबाबदार, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व आहे.

हीच व्यवस्था व्यसनाच्या बाबतीत मात्र वेगळा विचार करते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. २०२१ पासून लागू झालेल्या जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि गांजातील टीएचसी यांना 'गैरवापराची द्रव्ये' असा स्वतंत्र दर्जा आहे. सेवन स्पर्धेच्या काळाबाहेर झाले आणि त्याचा कामगिरीशी संबंध नव्हता, हे खेळाडूने सिद्ध केल्यास बंदी तीन महिन्यांची असते. त्याने मान्यताप्राप्त उपचारक्रम पूर्ण केल्यास ती एका महिन्यावर येते. अमेरिकेची धावपटू शा'कॅरी रिचर्डसन हिने आईच्या निधनाच्या दुःखात गांजाचे सेवन केले आणि २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमधील १०० मीटरची शर्यत गमावली. समुपदेशन पूर्ण केल्याने तिची बंदी एका महिन्याची झाली. २०२३ मध्ये ती याच शर्यतीत विश्वविजेती ठरली. शिक्षा टळली नाही, पण शिक्षेने आयुष्य संपविले नाही.

जलतरणपटू मायकेल फेल्प्स याचे उदाहरणही याच जातीचे आहे. २०१४ मध्ये मद्यप्राशन करून वाहन चालविल्याबद्दल त्याला अटक झाली, न्यायालयाने शिक्षा सुनावून ती स्थगित ठेवली व त्याला देखरेखीखाली ठेवले, तर राष्ट्रीय संघटनेने त्याला सहा महिने निलंबित करून पुढील वर्षीच्या विश्वस्पर्धेच्या संघातून वगळले. त्याच काळात तो उपचार केंद्रात दाखल झाला आणि आपल्याला जगणेच नकोसे झाले होते, हे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितले. रिओमध्ये त्याने पाच सुवर्णपदके मिळविली. पदके मिळाली नसती तरी उपचार योग्यच ठरले असते, हे येथे नोंदविले पाहिजे. अन्यथा करुणादेखील निकालावर मोजली जाईल.

भारतीय कायद्यातही हा समतोल आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाचा अथवा अल्प प्रमाणातील साठ्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढून घेता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो.

बंदीच्या काळाविषयी मात्र एक गंभीर प्रश्न उरतो. बंदी असलेल्या खेळाडूला संघासमवेत सराव करण्याची मुभा अखेरच्या टप्प्यापर्यंत नसते. ज्याला सहवासाची सर्वाधिक गरज आहे, त्याचाच सहवास तोडला जातो. उत्तेजकविरोधी शिक्षण आणि पुनर्वसन यांचे कार्यक्रम या मनाईतून वगळलेले आहेत. ही सवलत वापरण्याइतकी जाण आपल्या किती संघटनांना आहे, हा भाग वेगळा.

औषधांविषयीची भीती

वैद्यकीय उपचार टाळण्यामागे खेळाडूंची एक भीती असते : नैराश्याच्या गोळ्या घेतल्या तर चाचणीत सापडू. नैराश्यासाठी सामान्यतः दिली जाणारी औषधे प्रतिबंधित यादीत नाहीत. अपवाद आहेत, आणि ते नेमकेपणाने माहीत हवेत. घबराट व हृदयाची धडधड कमी करण्यासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे नेमबाजीत सर्वकाळ प्रतिबंधित आहेत. नेमबाजांच्या कोल्हापूरने हे विसरून चालणार नाही. ट्रामाडॉल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात प्रतिबंधित झाले आहे. प्रतिबंधित औषध अपरिहार्य असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो.

महाविद्यालयाची भूमिका

१९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची जमवाजमव करीत होते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिगत कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. प्राध्यापक आणि खेळाडू यांच्या नात्याचा हा मानदंड होय. मात्र ते साहाय्य उमेदीच्या काळातील खेळाडूला होते. पडत्या काळातील खेळाडूसाठी असे काही करण्याची परंपरा अद्याप घडावयाची आहे.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या या केंद्रात व्यसनी माणसाला गुन्हेगार मानले जात नाही. परंतु तेथील दिनक्रम शिस्तीचा असतो, कामे वाटून दिलेली असतात, कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले जाते आणि बाहेर पडल्यानंतरही पाठपुरावा चालू राहतो. तेथील समुपदेशकांपैकी अनेक जण स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आहेत. पुन्हा घसरण झाली तर ती उपचारातील एक टप्पा मानून नव्याने सुरुवात केली जाते. तालमीतील उत्तम वस्तादही याहून निराळे काय करतात? ते पठ्ठ्याला झापतात, पण त्याचे अंथरूण तालमीबाहेर फेकीत नाहीत.

महाविद्यालयीन पातळीवर या तत्त्वाचा व्यवहार कसा असावा, हे एका कल्पित प्रसंगातून पाहता येईल. आंतरविभागीय स्पर्धेच्या आदल्या रात्री वसतिगृहात एखादा मल्ल मद्यधुंद सापडला, तर त्याला त्या स्पर्धेतून वगळणे योग्यच होय. त्यात इतरांची सुरक्षितता आणि संघाची शिस्त आहे. पण त्याच दिवशी त्याची खोली व शिष्यवृत्ती काढून घेणे म्हणजे त्याला आजाराच्या स्वाधीन करणे होय. या दोन निर्णयांत गल्लत होते, ती बहुतेक वेळा लेखी धोरण नसल्यामुळे. वगळण्याचा कालावधी, परतण्याच्या अटी, मानसोपचारतज्ज्ञांकडील पाठपुरावा आणि ही माहिती कोणाकोणाला द्यावयाची, हे घटना घडण्यापूर्वी ठरलेले असावे. पालकांना कळविण्यापूर्वी विद्यार्थ्याशी बोलावे. शारीरिक शिक्षण संचालकांनी स्वतः समुपदेशक होण्याचा प्रयत्न करू नये. त्यांच्या हाती संघनिवड असल्याने विद्यार्थी त्यांच्यापुढे खरे बोलण्यास कचरतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक अथवा मानसशास्त्रज्ञ असणे आवश्यक आहे. त्याची नेमणूक होईपर्यंत शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि टेली-मानसची १४४१६ ही विनामूल्य सेवा उपलब्ध आहे. हा क्रमांक जिमखान्याच्या सूचनाफलकावर, संघनिवडीच्या यादीशेजारी लावावा. ती यादी प्रत्येक खेळाडू वाचतो, विशेषतः ज्याचे नाव तीत नसते तो.