कातडीचे कलम काळे पडले तर



डहाणू-तलासरीकडे पावसाळ्यापूर्वी भाताचे राब भाजतात. वारा फिरला की ज्वाळा अंगावर येते. चुलीपुढेही असे अपघात होतात. जखम खोल असेल तर डॉक्टर मांडीची पातळ कातडी काढून तेथे लावतात. जखम भरते, पण पुढे ती कातडी काळी पडू लागते.

तलासरीच्या एका पाड्यावर सुनेचा हात असाच भाजला होता. काळ्या पडलेल्या हातामुळे ती लग्नकार्याला जाईनाशी झाली. ‘लाईट मारली की रंग जातो’ असे कोणी सांगितले आणि सासरे बैल विकायला निघाले. मी म्हटले, “काका, आधी डॉक्टरांना विचारू. बैलांचे मग पाहू.”

चिकूचे कलम आपण खिरणीच्या खुंटावर बांधतो आणि नव्या कलमाला सावली करतो. कातडीच्या कलमालाही उन्हापासून असेच जपावे लागते. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. जखमेने त्या चेतवल्या जातात आणि ऊन लागले की जास्तच रंग करतात. म्हणून निदान वर्षभर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा. लावलेली कातडी कोरडी पडते. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून खोबरेल तेल चोळावे. लिंबू घासू नये. दुकानातून परस्पर आणलेली गोरेपणाची मलमेही लावू नयेत. त्यांत स्टेरॉइड असले तर कातडी आणखी पातळ होते.

आता लाईटविषयी. लेसरचा प्रकाश कातडीतील रंगाचे कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. मात्र एका खेपेत काम होत नाही, आणि रंग पूर्ण जाईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर उलट जास्त काळे किंवा पांढरे डाग पडू शकतात. म्हणून कलम चांगले मुरल्यावर, आधी लहानशा जागेवर करून पाहावे. नंतर ऊन टाळले नाही तर काळेपणा परत येतो.

त्या सुनेला तपासून डॉक्टरांनी वेगळेच सांगितले. तिची बोटे आखडत होती. रंग थांबू शकतो, बोटे थांबत नाहीत. व्यायाम आणि पट्टी लगेच सुरू झाली. बैल दावणीलाच राहिले. पुढच्या आवणीला तिने स्वतः रोपे लावली. हात अजून थोडा काळसर आहे, पण मूठ मिटते.

भाजलेल्यांच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रंगासाठीचा लेसर त्यात बसतो का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

राब भाजताना पाण्याची घागर जवळ ठेवा. भाजलेच तर वीस मिनिटे स्वच्छ, गार पाणी ओता. शेण, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नका. तडक दवाखाना गाठा. गादीवाफ्यावर राब न भाजताही चांगली रोपे होतात. यंदा एका वाफ्यावर तरी करून पाहा.