जपानमधील श्रमशक्तीबाहेरील स्त्रिया

जपानमधील श्रमशक्तीबाहेरील स्त्रिया या संज्ञेत १५ ते ६४ वर्षे वयोगटातील, रोजगारात नसलेल्या आणि रोजगाराच्या शोधातही नसलेल्या स्त्रियांचा समावेश होतो. विद्यार्थिनी, पूर्णवेळ गृहिणी, दीर्घकाळ आजारी असलेल्या आणि कुटुंबीयांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया या गटात मोडतात.

संकल्पना

रोजगारात असलेले आणि बेरोजगार मिळून श्रमशक्ती बनते. बेरोजगार म्हणून नोंद होण्यासाठी व्यक्तीने कामाचा शोध घेणे आवश्यक असते. त्यामुळे काम करण्याची इच्छा असूनही शोध सोडून दिलेली स्त्री बेरोजगारीच्या दरात दिसत नाही. जपानच्या सर्वेक्षणात कौटुंबिक दुकानात विनावेतन काम करणारी स्त्री रोजगारात धरली जाते. घरी स्वयंपाक किंवा सासूची शुश्रूषा करणारी स्त्री मात्र श्रमशक्तीबाहेर राहते. म्हणून 'श्रमशक्तीबाहेर' याचा अर्थ 'निष्क्रिय' असा होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वेगवान आर्थिक वाढीच्या काळात शेती व घरगुती व्यवसायांतील कुटुंबे पगारदार बनली. पती कंपनीत आणि पत्नी घरी ही रचना आदर्श मानली जाऊ लागली. १९७५ मध्ये १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग दर सुमारे ४६ टक्क्यांपर्यंत खाली आला. अनेक आस्थापनांत विवाहानंतर राजीनामा देण्याची अट असे. १९६६ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने अशी अट अवैध ठरवली. समान रोजगार संधी कायदा १९८५ मध्ये संमत झाला व १९८६ पासून लागू झाला.

वयानुसार सहभाग दराचा आलेख काढल्यास तो विशीत उंच, विवाह व बाळंतपणाच्या वयात खाली आणि चाळिशीत पुन्हा उंच जात असे. इंग्रजी 'एम' अक्षराशी असलेल्या साम्यामुळे त्याला 'एम-आकाराचा वक्र' म्हणतात.

कर व सामाजिक विमा

अल्प उत्पन्न असलेल्या जोडीदारासाठी प्राप्तिकरात वजावट देण्याची पद्धत १९६१ मध्ये सुरू झाली. १९८६ पासून पगारदारांच्या अवलंबित जोडीदारांना स्वतः हप्ता न भरता मूलभूत निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. त्यासाठी जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न साधारणतः १३ लाख येनपेक्षा कमी असावे लागते. ही मर्यादा ओलांडताच निवृत्तिवेतन व आरोग्य विम्याचे हप्ते भरावे लागतात आणि उत्पन्न वाढूनही हातात पडणारी रक्कम घटू शकते. अशा मर्यादांना जपानमध्ये 'भिंत' म्हटले जाते. अर्धवेळ काम करणाऱ्या अनेक स्त्रिया वर्षअखेरीस कामाचे तास कमी करून भिंतीच्या अलीकडे राहतात. त्या श्रमशक्तीत असल्या तरी त्यांचे उत्पन्न मर्यादित राहते.

बालसंगोपन व वृद्धसेवा

बालसंगोपन रजेचा कायदा १९९२ पासून आणि वृद्धांसाठीचा शुश्रूषा विमा २००० पासून लागू झाला. पाळणाघरांतील जागांची टंचाई मात्र दीर्घकाळ टिकली. प्रतीक्षायादीतील मुलांची संख्या २०१७ मध्ये २६ हजारांहून अधिक होती. २०२४ पर्यंत ती ३ हजारांच्या खाली आली. कुटुंबीयांच्या शुश्रूषेसाठी दरवर्षी सुमारे १ लाख व्यक्ती नोकरी सोडतात व त्यांत स्त्रियांचे प्रमाण बरेच अधिक असते.

बदल आणि मर्यादा

कामकरी वयाची लोकसंख्या घटू लागल्याने स्त्रियांचा रोजगार हा आर्थिक धोरणाचा विषय बनला. अर्थविश्लेषक कॅथी मात्सुई यांनी १९९९ मध्ये त्यासाठी 'विमेनॉमिक्स' ही कल्पना मांडली. पंतप्रधान शिंझो आबे यांच्या सरकारने २०१३ पासून ती धोरणात स्वीकारली. कामकरी वयाच्या स्त्रियांचा सहभाग दर ७० टक्क्यांच्या पुढे गेला आणि 'एम' मधील दरी बरीच भरून निघाली.

तथापि, नोकरदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक अर्धवेळ, कंत्राटी अशा अनियमित स्वरूपाच्या नोकऱ्यांत आहेत. बाळंतपणासाठी नोकरी सोडून नंतर परतणाऱ्या स्त्रीला पूर्वीचे पद व वेतन अनेकदा मिळत नाही. कामाच्या वर्षांत पडलेला खंड वृद्धापकाळात कमी निवृत्तिवेतनाच्या रूपाने पुढे येतो. घटस्फोटित स्त्रियांची ही अडचण कमी करण्यासाठी २००७ पासून विवाहकाळातील निवृत्तिवेतनाच्या नोंदी पती-पत्नींमध्ये विभागण्याची तरतूद लागू झाली.