एका ठोक्यात किती काम

लॅमिंग्टन रोडवरच्या एका चिंचोळ्या दुकानात, भिंगाच्या दिव्याखाली, दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी एएम4 सॉकेटाचा रायझन प्रोसेसर उताणा ठेवला, आणि त्याच्या 1331 सोनेरी पिनांपैकी वाकलेली एक, शिसे काढलेल्या पेन्सिलीच्या पोकळ टोकात अलगद अडकवून, श्वास रोखून सरळ केली. शेजारच्या इंटेलच्या प्रोसेसरचा तळ सपाट होता. त्या घराण्यात पिना मदरबोर्डच्या सॉकेटात असतात, आणि एएमडीनेही 2022 साली एएम5 साठी तोच शिरस्ता स्वीकारला.

इतक्यात एक गिऱ्हाईक म्हणाले, "ज्याचे गिगाहर्ट्‌झ जास्त, तो द्या."

गृहस्थांनी खणातून दोन जुने प्रोसेसर काढले. "हा 2004 चा पेन्टियम फोर, 3.8 चा. हा 2006 चा कोअर टू ड्युओ, 2.4 चा. आणि 2.4 वालाच पुढे जातो, साहेब."

या उत्तराचे मर्म मला फार मोलाचे वाटते. सेकंदाला 380 कोटी ठोके देणाऱ्या त्या पेन्टियममध्ये प्रत्येक हुकूम 31 टप्प्यांतून जाई, जणू एखादा कागद कचेरीतील 31 मेजांवरून सरकावा. आणि वरिष्ठांचा निर्णय येण्यापूर्वीच, तो काय असेल याचा अदमास बांधून पुढील मसुदे तयार ठेवण्याची तेथे वहिवाट असल्याने, अदमास चुकला की वाटेतल्या मेजांवरचे सारे मसुदे रद्द होऊन काम पुन्हा पहिल्या मेजापासून सुरू होई. कोअर टू ड्युओमध्ये मेजे 14, म्हणून चुकीचा भुर्दंड थोडा. शिवाय त्यातील दोन्ही गाभे प्रत्येक ठोक्याला चारपर्यंत हुकूम हाताळू शकत, आणि दोघांच्या हाताशी 4 मेगाबाइटचे सामायिक दप्तर असे, ज्याच्या अभावी मुख्य स्मृतीकडे धाव घेण्यात शेकडो ठोके वाया जातात. विजेच्या खर्चातही तफावत होतीच: एकाची मर्यादा 115 वॉट, दुसऱ्याची 65.

गिऱ्हाइकाने दोन्ही तळहातांवर घेऊन पाहिले. वजनात फरक जाणवेना.

तोवर रायझनच्या कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण सॉकेटाच्या खुणेशी जुळला होता. गृहस्थांनी तो मुळीच दाबला नाही. चिमटीतून सोडताच स्वतःच्या भाराने तो आत उतरला, आणि मगच त्यांनी खटका खाली केला.