सिंदेवाहीतून जपानच्या वर्गात

जपानला शिकायला जायचं ते कॉलेज झाल्यावरच, असं सिंदेवाहीतल्या पालकांना वाटत असेल, तर दोन वाटा सांगायलाच हव्यात. ‘सकुरा सायन्स’ या जपानच्या उपक्रमात निवडक शाळकरी मुलं आठवडाभर जाऊन येतात, भारताला त्यात २०१६ पासून जागा आहे. ‘एशिया काकेहाशी’ हा जपान सरकारचा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला. एएफएस संस्थेमार्फत त्यात आशियाई मुलं तिथल्या हायस्कुलात काही महिने शिकतात, जपानी कुटुंबात किंवा वसतिगृहात राहतात. शाळा खरी कळते ती या दुसऱ्या वाटेने.

शाळेच्या दारातच बूट काढून कप्प्यात ठेवायचे, आतले वेगळे घालायचे. तास संपले की मुलंच झाडू-फडकी घेऊन वर्ग आणि जिने स्वच्छ करतात. पाहुणा विद्यार्थीही त्यांच्यात असतोच. मग क्लब: केंडो (जपानी तलवारबाजी), बेसबॉल, सुलेखन. भाषा अडली तरी मैत्री इथे जुळते, म्हणून आल्याआल्याच एखाद्या क्लबात नाव घालावं. डब्यात भात असतोच. पण धानपट्ट्यातल्या, भात संशोधनाचं केंद्र असलेल्या गावच्या पोरालाही तो नवा वाटेल: आखूड दाण्याचा, चिकट, काड्यांनी उचलता येणारा आणि वरणाविना.

तिथलं शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. आपल्या दहावी-बारावीच्या परीक्षांशी ते जुळतं का, हे पाहूनच अर्ज करावा.